लाखोळीच्या बांधीतला शम्मा

बाबूजी,

तुम्हाला मी शेवटचं पत्र लिहिलं तेव्हा वसतिगृहात होते, आणि त्यात मुख्यतः साबण संपल्याची बातमी होती. आज लिहायला घेतलंय ते त्याहून फार मोठं आहे असं नाही. पण उद्या सोमवारी सकाळी मला शाळेत एक उत्तर द्यायचं आहे, आणि ते देताना तुम्ही मध्ये उभे राहता. मध्ये उभं राहायची तुम्हाला सवयच होती. जिवंतपणी रस्त्यात, बांधावर, लोकांच्या भांडणात. आता माझ्या डोक्यात. जरा बाजूला सरा, एवढं सांगायला हे लिहिते आहे. तुम्ही सराल असा काही पूर्वानुभव नाही.

गोष्ट अशी. गोंदियाकडच्या गोरेगावच्या आमच्या शाळेत संस्कृत घेणारी मुलं कमी होत होत आता एका सतरंजीवर मावतील इतकी उरली आहेत. जूनपासून तो वर्ग बंद. संस्थेची नागपूरला मोठी शाळा आहे, तिथे संस्कृतला पूर्ण वेळ काम आहे, ग्रंथालय आहे, आणि ज्यांच्याशी दोन वाक्यं बोलता येतील अशी माणसं आहेत. मुख्याध्यापकांनी मला शुक्रवारी बोलावून घेतलं आणि गोंदियाच्या त्यांच्या मिश्र बोलीत म्हणाले, "मॅडम, जाना है तो सोमवार तक बता दो. नाहीतर इथेच आठवीला हिंदी घ्या आणि शांत बसा." मग दाराशी गेल्यावर पुन्हा म्हणाले, "वैसे तुमचं काय, तुम्ही दोन्हीकडच्या." हे ते नेहमी म्हणतात. ख्रिस्ती बाई संस्कृत शिकवते याचं त्यांना अजून नवल वाटतं, आणि मला त्यांच्या नवलाचं.

मला जायचं आहे. हे वाक्य लिहून पाहिलं, दिसायला बरं दिसतं. कित्येक वर्षं जायचं आहे. आई होती तोवर आईचं कारण होतं, आणि ते कारण खरं होतं. आई गेल्यावर उरलं ते गावातलं आपलं प्रार्थनामंदिर आणि त्याची किल्ली. पाळकसाहेब गोंदियाहून महिन्यातल्या एका रविवारी मोटरसायकलवर येतात. बाकीचे रविवार माझे. मी कुलूप उघडते, चटया घालते, शास्त्रपाठ वाचते, दोन शब्द सांगते, प्रार्थना करते, चटया झटकते, कुलूप लावते. समोरच्या विहारातली वंदना आटोपली की मग आपली उपासना, हा तुमच्या काळातला समजूतदारपणा अजून टिकून आहे. मंडळी म्हणाल तर मावशी, जी माझी सख्खी मावशी नाही पण साऱ्या गावाची आहे. आणि वनखात्यातून निवृत्त झालेले काका, जे भिंतीला टेकून डोळे मिटतात आणि त्याला चिंतन म्हणतात. नाताळाला आणखी काही घरं येतात. मी गेले तर दाराला कुलूप राहील, एवढंच. मला कोणी बांधून ठेवलेलं नाही. बांधून ठेवलं असतं तर गाठ शोधून सोडता आली असती.

मला अडकवलं ते तुमच्या शम्माने. बायबलात दाविद राजाच्या शूरवीरांचा जो अध्याय आहे त्यात एकाने हिमाच्या दिवशी खड्ड्यात उतरून सिंह मारला, आणि एक इतका लढला की त्याचा हात तलवारीलाच चिकटून बसला. दुसरा कुठलाही उपदेशक असता तर त्याने सिंह सोडला नसता. तुम्ही नेमका तो निवडलात ज्याच्या वाट्याला जेमतेम दोन वचनं आली आहेत. मसुरीचं एक शेत होतं, शत्रू म्हणजे पलिष्टी चालून आले, सगळे लोक पळाले, आणि शम्मा त्या शेताच्या मध्यभागी उभा राहिला आणि त्याने ते राखलं. तुमचं म्हणणं असं, की सिंहापुढे माणसाच्या अंगात आपोआप येतं. डाळीच्या शेतासाठी कोणाच्या अंगात येत नाही, तिथे निव्वळ विश्वास लागतो. आत्मिक जीवनात उंच व्हायचं तर मोठी लढाई शोधत फिरू नका, जिथून सगळे निघून गेले तिथे कोण उरलं ते पाहा. व्यासपीठावर तुम्ही हे पुस्तकी मराठीत सांगत होतात. खाली उतरल्यावर तेच आपल्या बोलीत एका ओळीत येई: "हलू नको, बस."

आणि तुम्हाला हे सांगायला हक्काचं शेत होतं, ही माझी खरी अडचण. आपल्या गावात धान निघालं, भारे खळ्यावर गेले, की ढोरं मोकळी सुटतात. मग बांध कोणाचा आणि बांधी कोणाची हे कोणी विचारत नाही. उभं पीक नाही म्हणजे शिवार सगळ्यांचं. रीत चांगली आहे. फक्त आपली बांधी, तो बांधांमधला चौकोन, नाल्याला लागून, ओल धरून ठेवणारी. म्हणून धान कापायच्या आधीच तुम्ही त्याच्या पायाशी लाखोळीचं बी फेकून ठेवत होतात, आणि धान निघालं की खालून ते हिरवं वर येई. बाकीच्यांच्या बांध्यांना तोवर भेगा पडलेल्या असत. साऱ्या शिवारात हिरवा म्हणावा असा एकच तुकडा, आणि साऱ्या गावची ढोरं मोकळी. गावाचा न्यायही साफ होता: ज्याला रीतीबाहेर पेरायचं त्याने ते स्वतः राखावं. कोणी भांडलं नाही, कोणी मुद्दाम ढोरं घातली नाहीत. म्हशी आपल्या आपण येत, मनात काही न ठेवता.

मी सातवीत असताना नाताळाच्या सुट्टीत तुम्ही मला त्या बांधीत उभं केलं. मसूर म्हणजे आपली लाखोळीच समज, म्हणालात. वनस्पतिशास्त्राला ते मान्य नाही, पण वनस्पतिशास्त्र त्या दिवशी तिथे नव्हतं. तुम्ही मला बैल हाकायची काठी दिलीत, ती टोकाला खिळा असलेली, आणि देण्याआधी पक्कड घेऊन तो खिळा काढून टाकलात. मी विचारलं काऊन, तर म्हणालात, "पलिष्टी झाले तरी मुकी जनावरं हायेत." एवढंच शस्त्र. मी आजवर जगात जी काही लढाई केली ती खिळा काढलेल्या काठीनेच केली. मागे एकदा नागपूरला मुलाखत दिली तेव्हा याला सौम्य स्वभाव असं म्हणाले.

दिवसभर मी उभी आहे. सकाळचं धुकं नाल्यावरून उठतं, पायाला दहिवर लागतं, दूर रस्त्यावर एसटी जाते आणि तिच्यातली माणसं कुठेतरी पोचणार असतात. म्हशी येतात, मी धावते, त्या जातात, वळसा घालून दुसऱ्या बाजूने येतात. त्यांना घाई नाही. संध्याकाळी तुम्ही आलात आणि बांधावर बसलात.

"किती घुसल्या?"

"एकबी नाही."

"मंग गळा काऊन बसला तुया?"

"ओरडली ना."

"कोणाले?"

"म्हशीयले."

तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं होतं पाठ थोपटाल. "शम्मा ओरडला असं कुठी लिहून हाये?" तुम्ही विचारलंत. "उभा राहिला, इतकंच लिहून हाये. बोंबलते कोण, ज्याले वाटते का हे समदं आपल्याच जोरावर होऊन राहिलं." मी रडवेली झाले. माझ्या मते तो निखालस अन्याय होता, आणि आजही त्या खटल्यात मी माझ्याच बाजूची आहे. शम्माला म्हशी हाकायच्या नव्हत्या. पलिष्टी एकदा पळाले की पळाले. म्हशीला पळणं हा प्रकारच मंजूर नसतो.

घरी आई त्याच लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती. चुलीपुढे तिचा चेहरा लाल, पदर खोचलेला. तुम्ही वडा उचलून म्हणालात, याच्यासाठी शम्मा लढला. आईने झारा न थांबवता विचारलं, "अन् डाळ दळली कोणं? तुमच्या शम्माची बायको कुठी होती तवा?" तुम्ही म्हणालात, शास्त्रात तिचा उल्लेख नाही. "तिच्याइतकं उभं कोणीच राहिलं नसन," आई म्हणाली, "म्हून नाही लिवलं." त्यावर तुम्ही दुसरा वडा घेतलात. वादात हरल्यावर तुम्ही नेहमी खात होतात.

पुढे मला संस्कृत घ्यायचं होतं तेव्हा मंडळीत कुजबूज झाली, उपदेशकाची मुलगी श्लोक म्हणणार म्हणून. तुम्ही बसल्या चटईवरच निकाल दिलात: "देवाले इब्री समजते, ग्रीक समजते, संस्कृत काय जड जाईन?" तेवढ्यावर माझं आयुष्य ठरलं, आणि मी तुमची त्यासाठी ऋणी आहे. पण लक्षात घ्या, संस्कृत देऊन तुम्ही मला दार उघडून दिलंत आणि शम्मा देऊन उंबऱ्यावर उभं केलंत. तुम्ही वारलात त्याच्या आदल्या आठवड्यात, तुमचा आवाज अगदी खाली गेला होता तेव्हा, तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं आशीर्वाद असेल. "रविवारचं दार बंद राहू देऊ नको," म्हणालात. "म्हातारी माणसं कुठं जातीन?" मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला हो म्हणणं सोपं असतं. त्याचा अर्थ दर आठवड्याला थोडा थोडा समजत जातो.

मी प्रयत्न केला, बाबूजी. कोणी पाहत नसताना पहाटे उठून वाचन केलं, ज्यांचा राग यायचा त्यांची नावं घेऊन प्रार्थना केली, आणि एक-दोघांच्या बाबतीत तर राग गेलाही. पावसात छत गळलं तेव्हा परातीत पाणी धरत शास्त्रपाठ पुरा केला. पण तुमचा वीर होणं मला जमलं असं म्हणवत नाही. माझे पाय तिथे उभे आणि मन एसटीत. मैत्रिणींच्या बदल्यांच्या बातम्या आल्या की मी अभिनंदन कळवायची आणि त्या रविवारी प्रार्थना जरा लवकर संपवायची. मागच्या काही वर्षांत तर असं होऊ लागलं, की किल्ली फिरवताना कुलूप बाहेरून लागतंय की आतून, असा प्रश्न पडे. तरी मी राहिले, आणि राहिले म्हणजे विश्वासू आहे असं धरून चालले. तुम्ही गेल्यावर शंका विचारायची कोणाला?

आज सकाळी उपासनेनंतर मी सांगून टाकलं. दोन शब्दांत शम्माच घेतला होता. मनात असं होतं की त्याच्या आडून विषय काढावा. म्हटलं, मला नागपूरला बोलावलंय, मी गेले तर इथे उघडणारं कोणी नाही, तुम्ही म्हणाल तसं करीन. हे बोलताना माझा स्वर बराच गंभीर झाला असावा, कारण काकांनी डोळे उघडले.

मावशी चटई गुंडाळत होती. "जा ना वो बाई," ती म्हणाली. "कोण पकडून राहिलं तुले?"

"मग उपासनेचं काय?"

"आमी येतो कायले, सांग बरं. तुयं भाषण आयकाले?" तिने चटई भिंतीशी उभी केली, ती घसरली, पुन्हा उभी केली. "तू एकटी इथं चटया टाकून बसून राहशीन म्हून येतो. तुया बाप मरणाच्या आठ रोज पहिले मले म्हणे, पोरगी एकटी हाये, रविवारचं तिच्याजवळ बसत जाजो. बसली मी. इतले साल बसली. आता गुडघे नाही म्हणून राहिले."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी नजर छताकडे वळवली, जंगलात झाडाची उंची मोजावी तशी. "खरं सांगू का," ते म्हणाले, "मले तं घरीच बरी होते प्रार्थना. आंगणात बसतो, मोहाचं झाड हाये, कोणी बोलत नाही. पण बाई उघडते, मंग न येणं बरं दिसत नाही."

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगून कोण तुले दुखवीन?" मावशी म्हणाली. "तू तं रोज ते उभं राहाचं सांगतेस."

बाबूजी, तुम्ही दोन्ही बाजूंनी बांध घातलात. मला सांगितलंत त्यांच्यासाठी दार उघड, त्यांना सांगितलंत हिच्यासाठी आत बसा, आणि स्वतः निघून गेलात. आणि आम्ही इतकी वर्षं एकमेकांना राखत त्या खोलीत बसलो आहोत, आणि पलिष्टी तर एकही आला नाही. त्यांना कशाला यायचं होतं? तुमच्या मनात काय होतं ते मला कळतं. तुम्हाला कोणीच एकटं पडायला नको होतं. पण तुम्ही दोघांनाही अर्धंच सांगितलंत, आणि आम्ही तुमच्या शब्दाला इतके जपलो की एकमेकांना काही विचारलंच नाही.

घरी येऊन मी भात लावला आणि तो अध्याय पुन्हा काढला. रागाने काढला, हे मान्य करते. तुमच्याशी भांडायला संदर्भ हवा होता. शम्माचं वचन मला पाठ आहे असं मला वाटत होतं. उभा राहिला, राखलं, मारलं. पण त्याच वाक्याला पुढे आणखी एक तुकडा आहे: जय परमेश्वराने दिला. तुम्ही तो कधी गाळला नसणार. मीच इतकी वर्षं उभं राहण्यापाशी थांबत आले, कारण ते माझं होतं, दाखवता येण्यासारखं. आणि दुसरं असं, की त्या वचनानंतर शम्मा त्या शेतात कुठे दिसत नाही. संस्कृत ग्रंथांवरच्या टीका वाचण्याच्या सवयीने मी न लिहिलेलं शोधत बसले: तो तिथे किती दिवस थांबला, पुढच्या हंगामात कोणी राखलं, त्याने कोणाला सांगून शेत सोडलं. काही नाही. एक दिवस त्याला तिथे उभं राहायचं होतं, तो राहिला, देवाने आपलं काम केलं, आणि बहुधा शम्मा घरी जाऊन झोपला. मला वाटतं उंची त्यात होती, की उभं राहायला ज्याने ठेवलं त्याच्याकडे कान होता. शेताशी लग्न लागलेलं नव्हतं. ठेवणाऱ्याने जा म्हटल्यावरही जो शेतात उभा राहतो त्याला आपल्याकडे वीर म्हणत नाहीत, बुजगावणं म्हणतात.

हे लिहायला चांगलं वाटतं, पण यातून सुटका होते असं समजू नका. जा म्हटलं कोणी? मावशी म्हणाली, तिच्या गुडघ्यांच्या वतीने. मुख्याध्यापक म्हणाले, वर्ग बंद होतो म्हणून. परमेश्वराचा आवाज यातला कोणता, हे ओळखायला तुम्ही शिकवलं नाही. तुम्ही फक्त हलू नको एवढं शिकवलंत, आणि ते शिकवणं माझ्या हाडात गेलं आहे. दुपारभर मी प्रार्थना केली. उत्तर आलं नाही, किंवा आलं ते मला हवं तसंच असल्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी असं ठरवलं, की आवाज ऐकू न येता निघणं हादेखील विश्वासाचा एक प्रकार असू शकतो, आणि नसेल तर परमेश्वर मला मागे फिरवायला समर्थ आहे. त्याला म्हशी वळवता येत असतील तर मीही वळेन.

तेव्हा उद्या मी हो म्हणणार आहे. संध्याकाळी सांगायला गेले तेव्हा मावशीने किल्ली मागून घेतली. नाताळाला आणि पाळकसाहेब येतील तेव्हा उघडू म्हणाली, बाकीचे रविवार ती काकांच्या अंगणात जाऊन बसेल, मोहाखाली, तिथे खुर्ची आहे. मी म्हटलं, अधूनमधून रविवारी एसटीने येत जाईन. तर म्हणाली, "येऊ नको वो, मंग आमाले इथं याव लागन."

एक राहिलं, आणि ते तुमच्याविरुद्ध नाही. सकाळी मावशी 'जा' म्हणाली तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. काका निघून गेले, मावशी बाहेर चपला शोधत होती, आणि मी आतच, काही आवरायचं नसताना, भिंतीशी ठेवलेल्या चटईची कड सरळ करत रेंगाळले. मला वाटत होतं ती वळून म्हणेल, नको जाऊस. तिने एवढं म्हटलं असतं तर मी आनंदाने पुढची सारी वर्षं तिथे उभी राहिले असते आणि तुमच्या नावाने बोटं मोडली असती. ती चपला घालून गेली. बाबूजी, मला सुटायचं होतं तितकंच कोणीतरी अडवायलाही हवं होतं, आणि हे मी कोणाला सांगणार नाही. तुम्हालाही सांगितलं असतं असं नाही. हे पोचायचं नाही म्हणून लिहिता आलं.